आधी टीप, मग कात्री: विरलेल्या सोलापुरी चादरीचं जाकीट

सोलापुरातल्या बहुतेक घरांत कपाटाच्या तळाशी एक तरी चादर अशी असते, की मधोमध विरलेली आणि काठाला मात्र अजून घट्ट. बोहारणीला द्यायला जीव होत नाही आणि अंगावर घेण्याजोगी ती उरलेली नसते. तिचं जाकीट उत्तम होतं. पण शिवायला घेतलेल्यांपैकी बरेचजण अर्ध्यात सोडतात, कारण चुका नेहमी त्याच होतात. कापल्याबरोबर कडेचे धागे सुटत जातात. पुढचे दोन्ही भाग डाव्याच बाजूचे निघतात. खांद्यावर मशीन अडतं आणि सुई तुटते. पहिल्या धुण्यात चादर आटते आणि अस्तर खाली लोंबायला लागतं. यातल्या बहुतेक चुका मशीनवर बसण्याआधीच झालेल्या असतात, म्हणून या लेखाचा अर्ध्याहून जास्त भाग शिवण्याच्या आधीच्या कामावर आहे. तो वगळून थेट टिपेवर, म्हणजे मशीनच्या शिलाईवर, जाऊ नका.

इथं दिलेलं जाकीट बिनबाह्यांचं आहे, आतून जुन्या साडीचं अस्तर आणि सगळ्या कडांना क्रॉस पट्टी, म्हणजे तिरप्या कापाची पट्टी. मापं ३८ इंच छातीची आहेत, आपल्या मापासाठी कुठं काय बदलायचं ते त्या त्या ठिकाणी सांगितलं आहे. संक्रांतीच्या सुमाराला सोलापुरात भरणाऱ्या गड्ड्याच्या जत्रेत संध्याकाळी अंगात घालायचं असेल तर डिसेंबरच्या सुरुवातीलाच हाताला घ्या. धुणं-वाळवणं धरून आरामात आठवडा जातो.

काय काय लागेल

- एक जुनी सुती सोलापुरी चादर. सिंगल चादर साधारण ६० बाय ९० इंच असते, पण आपली मोजूनच घ्या.
- अस्तरासाठी जुनी सुती साडी.
- क्रॉस पट्टीसाठी एक जुना पॉपलीनचा शर्ट. पट्टीला साडी वापरू नका, कारण पुढं.
- पॉलिस्टर दोऱ्याचं रीळ, चादरीच्या रंगाहून किंचित गडद. जुन्या डब्यातलं सुती रीळ जाड शिलाईत तुटतं.
- घरगुती मशीनच्या १६ नंबरच्या ३ सुया, १८ नंबरच्या २ आणि १४ नंबरची एक. घरगुती मशीनची सुई वरून एका बाजूनं सपाट असते. कारखान्यातल्या मोठ्या मशीनची गोल दांड्याची सुई तिच्यात नीट बसत नाही, म्हणून नवी पेठेत किंवा चाटी गल्लीत सुया घेताना जुनी सुई सोबत न्या.
- पाऊण इंचाची ५ बटणं. जुन्या कोटाची असतील तर फारच छान.
- मोठी कात्री, खडू, टेप, टाचण्या, वर्तमानपत्रं, जाड पुठ्ठ्याचा एक तुकडा आणि एक वाटी. वाटीचं काम कागदाचा नमुना काढताना येईल.

## १. चादर तपासा

दिवसाच्या उजेडात दोघांनी चादर खिडकीसमोर उभी धरा. जिथून उजेड झिरपतो तो भाग विरलेला. त्याच्याभोवती खडूनं गोल करा. बहुतेक चादरी दोन ठिकाणी विरतात: मधल्या पट्ट्यात, जिथं अंग पडतं, आणि ज्या टोकाला ती रोज हनुवटीपाशी ओढली जाते तिथं. पायाकडचं टोक सहसा धडधाकट असतं.

डोळ्याला दिसतं त्यावर थांबू नका. अंगठ्यांची चाचणी करा. कापड दोन्ही हातांच्या चिमटीत धरायचं, अंगठे एकमेकांना चिकटवून वर ठेवायचे आणि मुठी बाहेर वळवत कापडावर जोर द्यायचा. चर्र आवाज आला किंवा धागे बाजूला सरकून फट दिसली तर तो भाग बाद. ही चाचणी आडवी आणि उभी, दोन्ही दिशांनी करा. पुष्कळदा एका दिशेचे धागे टिकलेले असतात आणि दुसऱ्या दिशेचे गेलेले असतात.

एवढ्या जाकिटाला किती चांगलं कापड लागतं? पाठ २४ इंच रुंद, पुढचे दोन भाग १२-१२ इंच, मिळून ४८ इंच रुंदी. उंचीला २८ इंच. म्हणजे ६० इंची चादरीच्या एका टोकाला २८ इंचांची धड पट्टी निघाली की काम भागतं. एका पट्टीत बसत नसेल तर पाठ एका टोकातून आणि पुढचे भाग दुसऱ्या टोकातून काढा. विरलेला भाग आत अस्तर आहे म्हणून चालवून घेऊ नका. अस्तर ताण घेत नाही, ताण वरच्या कापडावर येतो, आणि फाटतं ते मुंढ्यापाशी, म्हणजे हात घालायच्या कापापाशी, जिथं ठिगळ लावणं सगळ्यात कठीण.

तपासा: चादर सुतीच आहे का? सोलापुरी म्हणून विकली जाणारी प्रत्येक चादर सुती नसते. काठाचे दोन-तीन धागे ओढून काढा, चिमट्यात धरा आणि बेसिनवर काडीनं पेटवा. कागद जळल्यासारखा वास आणि चुरडता येणारी राख म्हणजे सूत. धागा आक्रसून कडक काळी गोळी झाली तर त्यात पॉलिस्टर आहे. तशा चादरीचंही जाकीट होतं, पण इस्त्री मध्यम ठेवावी लागते आणि शिवणी सुतासारख्या चपट्या बसत नाहीत.

## २. धुवा, आटवा, सरळ करा

वापरातली चादर आटून झालेली असते असं वाटतं, पण कपाटात वर्षानुवर्षं पडलेली किंवा फक्त थंड पाण्यात खळबळलेली चादर अजून आटू शकते. अस्तराची साडी आणि पट्टीचा शर्टही. म्हणून तिन्ही कापडं आधी धुवायची. नळाला पाणी येणार त्या दिवशीच भिजत घाला. भिजलेली सुती चादर भलतीच जड होते आणि तिला खळबळायला पाणी पुष्कळ लागतं.

आधी रंग बघा. पांढरं ओलं फडकं चादरीच्या गडद भागावर अर्धा मिनिट घासा. फडक्याला रंग लागला तर चादर वेगळी धुवा आणि पाणी स्वच्छ निघेपर्यंत खळबळा. मिठाच्या पाण्यात बुडवून रंग पक्का होतो ही समजूत फार पसरलेली आहे. रंगवून झालेल्या कापडाचा सुटणारा रंग मिठानं बसत नाही. जास्तीचा रंग धुऊनच काढावा लागतो. चार धुण्यांनंतरही फडकं रंगत असेल तर अस्तर फिकं घेऊ नका.

कोमट पाण्यात साबण घालून अर्धा तास भिजवा, धुवा आणि सावलीत वाळवा. आपल्याकडच्या उन्हात तासाभरात वाळेल हे खरं, पण जुना रंग त्या उन्हात पट्ट्यापट्ट्यांनी उडतो, आणि तो डाग जाकिटाच्या ऐन छातीवर येतो.

आता सगळ्यांत जास्त विसरली जाणारी पायरी. वर्षानुवर्षं पिळून पिळून चादर तिरकी झालेली असते. अर्धवट ओली असताना ती लांबीत दुमडा आणि काठावर काठ ठेवा. टोकं जुळत नसतील, एक कोपरा पुढं गेला असेल, तर मागं राहिलेला कोपरा आणि त्याच्या तिरप्या समोरचा कोपरा दोघांनी धरून ओढा. थोडं थोडं सरकत सगळी चादर अशी ओढा, मग पसरून वाळवा. हे केलं नाही तर नक्षीच्या रांगा पोटावरून तिरक्या जातात आणि घातल्यावर जाकीट एका बाजूला वळतं. ते नंतर कशानंही सुधारत नाही.

वाळत आल्यावर भाताच्या पातळ पेजेत बुडवून पुन्हा वाळवा आणि थोडी दमट असतानाच इस्त्री करा. खळ बसलेलं कापड कापताना सरकत नाही आणि धागे कमी सुटतात. अस्तराच्या साडीलाही हेच करा, तिला तर याची जास्त गरज असते. शर्टाला खळ नको, पट्टी मऊच हवी. खळ पहिल्या धुण्यात निघून जाते.

## ३. अस्तर आणि पट्टीचं कापड निवडा

नऊवारी असो की सहावारी, साडीचा आत खोचायचा पहिला वार सहसा सगळ्यात कमी झिजलेला असतो. खांद्यावर पिन लागते तिथं बारीक भोकं असतात, खालच्या काठापाशी टाचांनी घासलेलं असतं. हे भाग टाळा.

आजीची इरकल अस्तराला घेणार असाल तर दोन गोष्टी पाहा. इरकलीचा पदर वेगळ्या धाग्याचा असतो आणि तो अंगाच्या ताण्याला, म्हणजे उभ्या धाग्यांना, फासे अडकवून जोडलेला असतो. हा जोड जुन्या साडीत सगळ्यात आधी सुटतो, म्हणून तो अस्तरात घेऊ नका. आणि अंग सुती, पदर रेशमी किंवा रेयॉनचा असेल तर दोन्ही सारखे आटत नाहीत, त्यामुळं एकाच अस्तरात दोन्ही मिसळू नका. लाल पदराचा रंगही आधी तपासा. काठ मात्र कापून वेगळा ठेवा. घट्ट विणलेला काठ खांद्याला आधार म्हणून फार कामाचा आहे.

क्रॉस पट्टी रोज घासली जाते, वाकते, ताणली जाते. झिजलेल्या साडीची तिरपी पट्टी तिथं वर्षभरसुद्धा टिकत नाही. शर्टाची पाठ यासाठी उत्तम: तिथं ना खिसा, ना बटणं, आणि कॉलर-कफांसारखी झीजही नसते.

## ४. कागदाचा नमुना

चादर जाड आहे आणि आत अस्तर येणार, म्हणून शर्टाचं माप इथं चालत नाही. अंगाच्या छातीत ६ इंच सैल मिळवा. ३८ अधिक ६ म्हणजे ४४, त्याचा चौथा भाग ११. वर्तमानपत्र चिकटवून मोठा कागद करा आणि एका उभ्या रेषेपासून ही मापं घाला:

- उंची २६ इंच.
- गळ्याची रुंदी ३ इंच. मागचा गळा १ इंच खोल, पुढचा व्ही आकाराचा ९ इंच खोल.
- खांदा उभ्या रेषेपासून साडेसात इंच. पूर्ण खांदा १६ असेल तर निम्मा ८, त्यातून अर्धा इंच कमी, कारण बाही नाही.
- खांद्याचा उतार दीड इंच.
- मुंढ्याची खोली १० इंच. त्या ठिकाणी रुंदी ११.
- पुढचा मुंढा मागच्यापेक्षा अर्धा इंच आत खोल.
- कमरेला आणि खाली घेराला ११ इंचच. टक्स, म्हणजे माप घटवायच्या शिवलेल्या चुण्या, घालू नका, चादरीत ते गाठीसारखे फुगतात.

माया, म्हणजे शिवणीसाठी सोडायचं जास्तीचं कापड: बगलेच्या बाजूला १ इंच, खांद्याला पाऊण इंच. गळा, मुंढा, पुढची उघडी कड आणि खालचा घेर यांना माया ठेवायची नाही, कारण तिथं पट्टी लागणार. इथं सवयीनं माया सोडणारे खूप आहेत. मग गळा अर्धा इंच वर येऊन मानेला टोचतो आणि मुंढा काखेत रुततो.

पुढच्या भागाचा खालचा, उघड्या कडेकडचा कोपरा वाटी ठेवून गोल करा. टोकदार कोपऱ्यावर पट्टी वळवणं जाड कापडात त्रासाचं असतं, गोल कोपऱ्यावर ती आपोआप बसते.

पाठीचा नमुना अर्धा काढून कापडाच्या घडीवर ठेवायची सवय ब्लाउजमुळं लागलेली असते. चादरीला ती सोडा. जाड घडीत वरचा थर आणि खालचा थर पाव-अर्धा इंच पुढंमागं होतात. पाठीचा पूर्ण, दोन्ही बाजूंचा कागद कापा. पुढच्या भागाचेही दोन कागद कापा आणि त्यांच्यावर मोठ्या अक्षरांत डावा, उजवा असं लिहा.

तपासा: जुन्या पलंगपोसाच्या तुकड्यातून हा नमुना कापून नुसत्या कच्च्या दोऱ्यानं जोडा आणि नेहमीच्या कपड्यांवर घालून बघा. हात वर, पुढं, मागं. मुंढा घट्ट वाटला तर कागद आताच सुधारा. हाच कच्चा नमुना पुढं अस्तराच्या मापाला वापरता येतो.

## ५. बेतणी

चादर एकपदरी पसरा, सुलट बाजू वर. सोलापुरी चादरीला खरं तर दोन्ही बाजूंनी नक्षी असते, फक्त रंग उलटसुलट, त्यामुळं सुलट कोणती ते तुम्हीच ठरवायचं. ठरवलं की त्या बाजूला चार ठिकाणी खडूनं फुली मारा. ही फुली लहान गोष्ट वाटते, पण तिच्यावाचून होणारी चूक अशी: डावा भाग कापून झाला की तोच कागद पुन्हा ठेवून दुसरा भाग कापला जातो. हातात दोन डावे भाग येतात. उलटा करून वापरू म्हटलं तर एका बाजूला लालावर काळी नक्षी आणि दुसऱ्या बाजूला काळ्यावर लाल. फुली आणि कागदावरची अक्षरं, दोन्ही वर दिसत असतील तरच खडू फिरवा.

ठेवण्याचा क्रम असा ठेवा. आधी पाठ: नक्षीचा मुख्य आकार बरोबर मणक्याच्या रेषेवर. मग उजवा भाग, मग डावा. पुढच्या दोन्ही भागांत नक्षी जुळली पाहिजे आणि ती जुळवायची मुंढ्याच्या खालच्या टोकापाशी. खालच्या घेरावर जुळवलेली नक्षी छातीवर येईपर्यंत सरकते. मुंढ्याचं टोक नक्षीच्या कोणत्या रांगेवर येतं ते पाठीवर बघा, आणि पुढच्या दोन्ही भागांचं तेच टोक त्याच रांगेवर ठेवा. यात आणि खांद्याच्या मायेत मिळून २ इंच जास्त कापड जातं, म्हणून वर २८ सांगितले. नक्षी मोठी असेल तर याहून जास्त धरा.

मोर, फूल, मंदिर असं काही नक्षीत असेल तर सगळ्या भागांत त्याचं डोकं वर हवं. खडूच्या बाणानं दिशा दाखवा.

## ६. आधी टीप, मग कात्री

सगळं जाकीट या टप्प्यावर टिकतं किंवा जातं. चादरीचं सूत जाड आणि वीण सैलसर. नक्षीच्या ठिकाणी धागे लांब सुटे असतात, काही चादरी तर दुपदरी विणीच्या, कापताच दोन थर वेगळे होणाऱ्या. कापून मग कड पक्की करू म्हटलं तर मशीनपाशी जाईपर्यंत पाव इंच कापड धाग्यांत गेलेलं असतं, आणि गळा-मुंढ्याला माया नसल्यामुळं ते पाव इंच थेट मापातून जातं.

1. खडूच्या रेषेबाहेर ३ इंच जागा सोडून प्रत्येक भागाचा ढोबळ तुकडा कापा. अख्खी चादर मशीनखाली फिरवायची नाही, तिच्या वजनानं टीप वाकडी जाते.
2. मशीनला १६ नंबरची नवी सुई लावा, टाका २ मिलिमीटरवर ठेवा.
3. खडूच्या रेषेच्या आत, सुमारे पाव इंचाच्या निम्म्यावर, सगळीकडून टीप घाला. गळ्याच्या तिरप्या रेषेवर कापड ओढू नका, मशीनला आपल्या गतीनं जाऊ द्या.
4. मगच खडूच्या रेषेवर कापा.
5. बगलेच्या आणि खांद्याच्या मायेला झिगझॅग घाला, किंवा पिको-फॉलच्या दुकानातून इंटरलॉक करून आणा. इंटरलॉकवाल्याला कड छाटू नका असं आधी सांगा, नाहीतर मायेतलं पाव इंच तिथंच जातं.

तपासा: डावा आणि उजवा भाग सुलटावर सुलट ठेवून बघा. कडा जुळायला हव्यात. एक भाग लांब झाला असेल तर ती टीप ओढली गेली आहे. टीप उसवून, वाफेची इस्त्री फिरवून पुन्हा घाला. जास्तीचं कापड छाटून जुळवू नका.

## ७. मशीनची तयारी

चादर शिवताना कापसाची लव पुष्कळ पडते. सुईखालची पट्टी काढून दातांमधली लव ब्रशनं साफ करा, तेलाचा एक थेंब द्या, भंगार कापडावर चालवून जादा तेल काढा. बॉबिनं तीन भरून ठेवा.

चादरीचे चार थर घेऊन ३ मिलिमीटरच्या टाक्यानं टीप मारून बघा. खाली दोऱ्याचे फासे दिसले तर खालच्या बॉबिनशी खेळत बसू नका, बहुतेक वेळा वरचा दोरा टेन्शनच्या चकत्यांमधून गेलेला नसतो. फूट वर करून दोरा पुन्हा ओवा. टाके सुटत असतील तर सुई बोथट किंवा बारीक आहे, १८ नंबर लावा. दोरा तुटत असेल तर सुईचं तोंड तपासा, सपाट बाजू उलटी बसली असेल.

## ८. जोडणी, याच क्रमानं

खिसे आधी. पुढचे भाग सुटे आणि सपाट असतानाच खिसे लावा. फाटक्या जीन्सचे मागचे खिसे उसवून घेतले तर चादरीवर शोभतात आणि जन्मभर टिकतात. खिशाची खालची कड घेरापासून ३ इंच वर, बगलेच्या टिपेपासून अडीच इंच आत. वरच्या दोन कोपऱ्यांना उलटसुलट तीनदा टीप मारा.

खांदे. सुलटावर सुलट ठेवून पाऊण इंचावर टीप. टिपेखाली साडीच्या काठाची अर्धा इंच रुंद पट्टी ठेवून शिवा, म्हणजे जड चादर खांद्यावर लोंबणार नाही. माया दोन्हीकडं उघडून इस्त्री करा, मग सुलटावरून टिपेच्या दोन्ही बाजूंना पाव इंचावर एकेक टीप.

बगला. १ इंचावर टीप, मुंढ्याच्या टोकापासून सुरुवात, म्हणजे जुळवलेली नक्षी जुळलेलीच राहते. माया उघडून दाबा. इस्त्रीनं ऐकत नसेल तर ओलं फडकं ठेवून इस्त्री द्या आणि उचलल्याबरोबर लाकडी पाटानं दाबून धरा. गार होईपर्यंत हलवू नका.

अस्तर. तोच नमुना, पण पाठीच्या मधे एक इंच रुंदी जास्त घ्या आणि गळ्यापाशी त्याची एक चुणी घाला. जुनी साडी पाठीच्या ताणाला टिकत नाही, हात पुढं केला की ही चुणी उघडते आणि ताण वाचतो. सुई १४ नंबरची.

चादरीचं आणि साडीचं, दोन्ही जाकिटं उलटावर उलट ठेवा, खांदे-बगला जुळवा आणि सगळ्या कडांना पाव इंचावर कच्चा दोरा घाला. आता अंगात घालून बघा. अस्तर कुठं लोंबत असेल तर आताच छाटा. पट्टी लागल्यावर काही करता येत नाही.

फासे. बटणांची काजं चादरीत करू नका, धागे सुटून भोक मोठं होतं. शर्टाच्या कापडाची सव्वा इंच रुंद पट्टी चौपदरी दुमडून टीप मारा आणि त्याचे अडीच इंचांचे ५ तुकडे करा. उजव्या पुढच्या कडेवर, व्हीच्या टोकापासून खाली सारख्या अंतरावर, फाशाचं तोंड आतल्या बाजूला आणि सुटी टोकं कडेला जुळवून टाचून ठेवा. हे पट्टीच्या आधीच करायचं. विसरलात तर पट्टी उसवावी लागते.

क्रॉस पट्टी. शर्टाच्या पाठीतून २२ इंची चौकोन काढा. कोनाकोनात दुमडून, त्या रेषेला समांतर अडीच इंच रुंद पट्ट्या कापा आणि तिरपे जोड देऊन एकच लांब पट्टी करा. एवढ्या मापाला सुमारे चार मीटर लागते, २२ इंची चौकोनातून ती निघते. पट्टी सुलट बाजूवर, कड जुळवून, अर्ध्या इंचावर शिवा. सुरुवात बगलेच्या टिपेपाशी करा, पुढच्या कडेवर जोड दिसतो. गळ्याच्या आणि मुंढ्याच्या आतल्या वळणावर पट्टी किंचित ताणा, वाटीनं गोल केलेल्या बाहेरच्या कोपऱ्यावर उलट ती ढिली सोडा. हे उलटं झालं की मुंढा बाहेर उमलतो आणि कोपरा आत मुडपतो.

पट्टी आत वळवून कड दुमडा आणि अस्तरावर हातानं तुरपाई करा. मशीननं करायचा मोह होतो, पण जाड कडेवर आतली टीप एकदा तरी पट्टीवरून घसरतेच.

जाड जागी सुई तुटू नये म्हणून: खांद्याच्या आणि बगलेच्या टिपांवरून जाताना फूट पुढून वर उचललं जातं आणि मशीन जागच्या जागी टाके घालतं. थांबा, सुई कापडात ठेवून फूट वर करा, फुटाच्या मागच्या भागाखाली पुठ्ठ्याची घडी सरकवा म्हणजे फूट सपाट होईल. १८ नंबरची सुई लावून ते चार-पाच टाके चाक हातानं फिरवून घाला. पेडल दाबून तिथून जोरात जाण्यात सुई तुटते, आणि तुटलेलं टोक डोळ्याकडं उडू शकतं.

## ९. बटणं आणि पहिलं धुणं

पुढच्या दोन्ही कडा एकमेकींना टेकवून ठेवा आणि फासे जिथं पोचतात तिथं डाव्या बाजूवर खडूनं खुणा करा. मापून आधीच लावलेली बटणं हमखास चुकतात. बटणाखाली काडेपेटीची काडी ठेवून टाके घाला, काडी काढून दोरा बटणाखाली पाच-सहा वेळा गुंडाळा, म्हणजे जाड फासा बसायला जागा राहील. अस्तराच्या बाजूनं एक छोटं सपाट बटण ठेवलं तर दोरा जुनी साडी फाडत नाही.

पहिलं धुणं वेगळं, जाकीट उलटं करून, थंड पाण्यात. पिळू नका, जुन्या टॉवेलमध्ये गुंडाळून दाबा आणि आडवं वाळवा. दोरीवर खांद्यानं टांगलं तर ओल्या चादरीच्या वजनानं खांदे उतरतात.

चादरीचा उरलेला धड भाग आसनाला किंवा पिशवीला होतो, त्यालाही टीप आधी आणि कात्री मग. विरलेला मधला भाग वाकळीच्या आत थर म्हणून घाला, तिथं त्याच्यावर ताण येत नाही. हातभर क्रॉस पट्टी आणि दोन फासे शिवणाच्या डब्यात ठेवून द्या. जाकिटात सगळ्यात आधी झिजते ती मानेमागची पट्टी, आणि तेवढीच बदलायला तेवढीच लागते.